टॅमसुलोसिन की डॉक्साझोसिन?

वडिलांना बीपीही आहे आणि प्रोस्टेटही वाढलंय, एकाच गोळीत दोन्ही भागेल का, असं मैत्रिणीने विचारलं. टॅमसुलोसिन आणि डॉक्साझोसिन ही दोन्ही वाढलेल्या प्रोस्टेटमुळे अडणारी लघवी मोकळी करणारी औषधं.

बीपी: डॉक्साझोसिन रक्तवाहिन्याही सैल करतं, म्हणून बीपी उतरतं. तरी बीपी केवळ त्याच्या भरवशावर सोडू नये. बीपीच्या औषधांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतल्या ऑलहॅट चाचणीत क्लोरथॅलिडोन (बीपीचं दुसरं औषध) घेणाऱ्यांपेक्षा डॉक्साझोसिन घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर जास्त दिसलं आणि २००० साली डॉक्साझोसिनचा गट थांबवला गेला. टॅमसुलोसिनचा बीपीवर फारसा परिणाम नाही.

लघवी: दोन्हींनी धार सुधारते. वाढलेलं प्रोस्टेट मात्र कोणतीच गोळी लहान करत नाही.

चक्कर: मला हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो. डॉक्साझोसिन १ मिग्रॅपासून हळूहळू वाढवतात, कारण सुरुवातीला उभं राहताच बीपी घसरतं. रात्री लघवीला उठताना म्हातारा माणूस पडला की खुबाच मोडतो. टॅमसुलोसिन ०.४ मिग्रॅनेच सुरू होतं, रोज ठरलेल्या एकाच जेवणानंतर. चक्कर कमी, पण वीर्यस्खलनाच्या तक्रारी जास्त.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर नेत्रतज्ज्ञांना आधी सांगाच, विशेषतः टॅमसुलोसिन असेल तर.

बीपी आटोक्यात असेल किंवा तोल जात असेल, तर टॅमसुलोसिन. बाकी औषधांनी बीपी उतरत नसेल आणि हृदय ठणठणीत असेल, तर डॉक्टरांशी डॉक्साझोसिनबद्दल बोलावं.