गणपती बघायला मुंबई की पुणे?

सुट्टी दोनच दिवस, मुंबईला जाऊ की पुण्याला, हे दरवर्षी कोणीतरी विचारतंच आणि मग दोन्हीकडचे लोक भांडायला तयारच असतात. मी दोन्हीकडे राहिलोय, त्यामुळे माझं सरळ म्हणणं, मूर्ती बघायची तर मुंबई आणि मिरवणूक बघायची तर पुणे.

मुंबईत चिंचपोकळीला उतरायचं, आधी चिंतामणी, मग गणेशगल्ली, मग लालबागचा राजा, सगळं पायीच होतं. मूर्ती एवढ्या उंच की मान दुखते. राजाला रांगा दोन, नवसाची आणि मुखदर्शनाची. पायावर डोकं ठेवायचंच असेल तर नवसाची, नाहीतर मुखदर्शन घ्या आणि सुटा. चप्पल जुनी पण मजबूत घाला, माझी एकदा तिथे फिरताना अंगठ्यातून तुटली आणि उरलेली रात्र अनवाणी काढली. दमलात की गिरगावात केशवजी नाईक चाळीत जा, 1893 पासूनचा गणपती, मूर्ती छोटीशी, गर्दी बेताची, एकदम घरच्यासारखं वाटतं. (मला खरं तर तोच जास्त आवडतो.)

पुण्यात अंतरं कमी. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हे मानाचे पाच आणि दगडूशेठ, एका संध्याकाळी आरामात होतात, आता तर मेट्रो थेट मंडईला सोडते. पेठांतले जिवंत देखावे मात्र चुकवू नका, पोरं नाटक बसवतात आणि लोक रस्त्यातच उभे राहून बघतात, तसं मुंबईत मला फारसं दिसलं नाही.

पण पुण्याची खरी मजा अनंत चतुर्दशीला. सकाळी मंडईतून कसबा निघतो, पालखीत, आणि मग लक्ष्मी रोडवर एकामागून एक पथकं, आधी ताशाची तर्री, म्हणजे सलग कडकडाट, सुटते, मग एकदम पन्नास-साठ ढोल पडतात आणि छातीत धडधडायला लागतं, शेजारचा काय बोलतोय काही कळत नाही. सगळी मंडळं संपेपर्यंत दुसरा दिवस उजाडून पुढे जातो. दगडूशेठ 2023 पासून दुपारी चारच्या सुमारास मिरवणुकीत येतोय, त्यामुळे आता त्याच्यासाठी रात्रभर जागायला नको. मुंबईत त्याच दिवशी राजा सकाळी निघतो आणि समुद्रात जायला दुसरा दिवस उजाडतो, गिरगाव चौपाटीवर जागा धरून तासन्‌तास बसायची तयारी असेल तर भारीच, पण लहान पोरं बरोबर असतील तर मी नाही नेणार.

आईबाबांना न्यायचं असेल तर पुणे, तेही आठवड्याच्या मधल्या वारी आणि संध्याकाळ व्हायच्या आत. मित्रांचा ग्रुप असेल तर मधल्या एका रात्री मुंबई आणि चतुर्दशीला पुणे असं दोन्ही जमवा, फक्त चतुर्दशीला गाडी पेठेत घालू नका. आणि खिशात थोडा कापूस ठेवा, कानात घालायला.