‘आयपी’ कमांडची पारख: उद्यमबागेतल्या दोन लॅन कार्डांवर

लिनक्सच्या टर्मिनलवरून, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या पडद्यावरून, लॅन कार्डाला (संगणक नेटवर्कला जोडणाऱ्या भागाला) नेटवर्कवरचा पत्ता द्यायचा म्हटले की माझा हात वर्षानुवर्षे ‘इफकॉन्फिग’ या जुन्या कमांडकडेच जात असे, आणि ती सवय सोडावी असे मला कधी मनापासून वाटले नव्हते. गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या उद्यमबागेतील एका ओळखीच्या कारखान्यात नवा संगणक बसवला, त्यावर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) २२.०४ची सर्व्हर आवृत्ती घातली आणि नेहमीप्रमाणे ‘इफकॉन्फिग’ टाइप केले, तेव्हा अशी कमांडच सापडत नाही, हवी असल्यास ‘नेट-टूल्स’ हे पॅकेज घ्या, असे उत्तर आले. कारखान्यातील त्या संगणकाला मालकांनी मुद्दामच इंटरनेट दिलेले नव्हते, त्यामुळे पॅकेज उतरवून घेण्याचा मार्ग बंद होता. अशा रीतीने, काहीशा नाइलाजाने, मी ‘आयपी’ या कमांडकडे वळलो. आता वर्षभराच्या वापरानंतर तिच्याबद्दल चार शब्द लिहिण्याइतपत ओळख झाली आहे.

‘इफकॉन्फिग’चा जन्म १९८३च्या ४.२बीएसडी या युनिक्स आवृत्तीमधला, तर ‘आयपी’ ज्या ‘आयप्रूट२’ संचाचा भाग आहे तो मूळ अलेक्सेई कुझनेत्सोव्ह यांनी खास लिनक्ससाठी लिहिलेला आहे. लिनक्सवरील ‘इफकॉन्फिग’ कर्नलशी (लिनक्सच्या गाभ्याशी) जुन्या पद्धतीने बोलते आणि ‘आयपी’ नेटलिंक या नव्या मार्गाने बोलते. हा फरक पुस्तकी वाटेल, परंतु त्याचा परिणाम पडद्यावर दिसतो. एकाच कार्डावर ‘आयपी’ने लेबल (वेगळे नाव) न लावता दुसरा आयपीव्ही४ पत्ता (चार आकड्यांचा नेहमीचा पत्ता) चढवला, तर ‘इफकॉन्फिग’ला तो दिसत नाही, म्हणजे पत्ता चालू असतो, पिंगला (पत्ता जागा आहे का हे विचारणाऱ्या कमांडला) उत्तरही देतो, आणि यादीत मात्र नसतो. उबुंटू ज्यावर बेतलेली आहे त्या डेबियनने २०१७च्या नवव्या आवृत्तीपासून ‘आयप्रूट२’च वापरण्याची शिफारस केली, ती अशाच कारणांमुळे योग्य म्हणावी लागते.

कारखान्यातील काम तसे किरकोळ होते. संगणकात दोन लॅन कार्डे होती. एक ऑफिसच्या स्विचला जोडलेले आणि दुसरे थेट सीएनसी लेथला, कारण लेथला जॉबचे प्रोग्राम त्याच केबलमधून पाठवायचे होते. या दुसऱ्या कार्डाचे नाव ‘ईएनपी३एस०’ असे होते. ही नावे पहिल्यांदा पाहणाऱ्याला बिचकवतात, पण ती कार्ड कोणत्या बसवर (संगणकातल्या जोडवाटेवर) आणि कोणत्या खाचेत बसले आहे यावरून ठरतात. पूर्वीच्या ‘ईटीएच०’ आणि ‘ईटीएच१’ यांची मशीन पुन्हा सुरू झाल्यावर अदलाबदल होण्याची जी धास्ती असे, ती यामुळे गेली. मी ‘आयपी ॲड्रेस ॲड’ लिहून पुढे १९२.१६८.१०.२० हा पत्ता आणि कार्डाचे नाव दिले, एंटर दाबले, काहीही तक्रार आली नाही, आणि लेथच्या पत्त्याला पिंग केल्यावर ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ असे उत्तर आले. केबल बदलून पाहिली, स्विचवरून फिरवून पाहिली. मालक शेजारी उभे होतेच. ते म्हणाले, “कार्ड गेलंय की हो ते, बदलून टाकूया काय?”

कार्ड धडधाकट होते. चूक माझी होती आणि ती एका तिरप्या रेषेएवढी होती. ‘आयपी’ला पत्त्यापुढे तिरपी रेषा देऊन नेटवर्कची लांबी (पत्त्याच्या ३२ बिटांपैकी किती नेटवर्कचे, तो आकडा) सांगितली नाही तर ती ३२ धरते, म्हणजे त्या नेटवर्कात हा एकच पत्ता आहे, शेजारी कोणी नाही, असा अर्थ घेते. ‘इफकॉन्फिग’ अशा वेळी पत्त्याच्या जुन्या वर्गावरून स्वतःच अंदाज बांधून १९२.१६८ला २५५.२५५.२५५.० हा मास्क, म्हणजे २४ची लांबी, लावत असे, आणि त्याच अंदाजावर मी इतकी वर्षे आयता बसलो होतो. शिवाय ‘इफकॉन्फिग’ने पत्ता दिला की कार्ड आपोआप चालूही होई, ‘आयपी’त मात्र ‘आयपी लिंक सेट’ने कार्ड ‘अप’ करणे हे निराळे काम आहे, आणि ते केले नाही तर पत्ता असूनही कार्ड झोपलेलेच राहते. हे मला सुरुवातीला जाचक वाटले. आता वाटते की अवजाराने आपल्या वतीने अंदाज बांधू नयेत हेच बरे, मात्र ३२ धरताना त्याने निदान एक ओळीची सूचना द्यायला हवी होती.

चूक सापडली तीही ‘आयपी’मुळेच, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. ‘आयपी’ला ‘बीआर’ हा पर्याय देऊन पत्ते विचारले की प्रत्येक कार्डाची एकच ओळ येते: नाव, स्थिती आणि पत्ता. त्या ओळीत ‘अप’च्या पुढे १९२.१६८.१०.२०/३२ असे स्वच्छ लिहिलेले होते. तो पत्ता काढून २४ लावून पुन्हा दिला आणि पिंगला पहिल्या फटक्यात उत्तर आले. त्यानंतर मालकांना दाखवण्यासाठी ‘आयपी मॉनिटर’ चालू ठेवून केबल उपसायला सांगितली. त्याच क्षणी पडद्यावर ‘नो-कॅरिअर’ची ओळ उमटली, केबल पुन्हा लावताच ती बदलली. केबल सैल आहे की पत्ता चुकीचा आहे, हा कारखान्यातला रोजचा वाद मिटवायला यापेक्षा सोपा उपाय माझ्या पाहण्यात नाही. चुकीच्या संदेशांबाबत मात्र ही कमांड फारच तुटक बोलते. आधीच असलेला मार्ग (कोणत्या पत्त्यांकडे कुठून जायचे ती नोंद) पुन्हा घातला तर ‘फाइल एक्झिस्ट्स’ असे उत्तर येते, आणि येथे कोणती फाइल, हा नवशिक्याचा प्रश्न रास्तच असतो.

खरी उणीव तिसऱ्या दिवशी कळली. रात्री करंट गेला, सकाळी संगणक नव्याने सुरू झाला आणि फोन आला की मशीनला प्रोग्राम जाईना. ‘आयपी’ने केलेले सर्व बदल फक्त चालू कर्नलमध्ये राहतात, ते कायमचे करायचे तर उबुंटूवर नेटप्लॅन या साधनाची याम्ल (ठरावीक मांडणीची साधी मजकुरी) फाइल लिहावी लागते, डेबियनवर ‘इंटरफेसेस’ नावाची वेगळीच फाइल असते, आणि रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर नेटवर्कमॅनेजर या सेवेला सांगावे लागते. टर्मिनलवर केलेला बदल म्हणजे तोंडी ठरलेला व्यवहार, आणि फाइल म्हणजे उताऱ्यावर चढलेली नोंद. बोलणे एका भाषेत आणि नोंद दुसऱ्या भाषेत, ही गोष्ट आम्हां सीमाभागातल्या मराठी माणसांना नवी नाही, पण म्हणून ती सोयीची ठरत नाही. ओपनबीएसडीवर (लिनक्सहून वेगळ्या, बीएसडी घराण्यातल्या प्रणालीवर) हा त्रास नाही: तेथे ‘इफकॉन्फिग’ आजही जोमाने सांभाळले जाते आणि टर्मिनलवर जे शब्द लिहितो जवळजवळ तेच कार्डाच्या नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवले की पुढच्या वेळी ते लागू होतात. त्यामुळे ‘इफकॉन्फिग’ कालबाह्य झाले हे विधान लिनक्सपुरतेच खरे मानावे.

नेटप्लॅनबद्दल मात्र एक कृतज्ञतेची नोंद केलीच पाहिजे. खानापूरच्या एका वाचनालयाचा संगणक मी बेळगावात बसून एसएसएचने (दूरच्या संगणकाचे टर्मिनल उघडण्याच्या सोयीने) सांभाळतो, आणि ज्या कार्डावरून आपण आत शिरलो आहोत त्याचाच पत्ता बदलणे म्हणजे बसलेली फांदी तोडणे होय. ‘नेटप्लॅन ट्राय’ नवी मांडणी लागू करून १२० सेकंद थांबते, तेवढ्यात एंटर दाबला नाही तर जुनी मांडणी परत आणते. आषाढातल्या पावसात मी गेटवेच्या (नेटवर्कबाहेर जाण्याच्या दाराच्या) पत्त्यातला एक आकडा चुकवला, संपर्क तुटला, आणि दोन मिनिटांनी पुन्हा आत जाता आले. नाहीतर पंचवीस-सव्वीस किलोमीटर भिजत जावे लागले असते. ब्रिज आणि बाँड (कार्डे एकत्र जोडण्याच्या दोन पद्धती) यांच्या खास मापदंडांबाबत हे मागे फिरणे चालत नाही, एवढे लक्षात ठेवावे, आणि फाइलमध्ये टॅब न वापरता मोकळ्या जागाच मोजून द्याव्यात.

‘आयपी’ला मी पाचांपैकी चार गुण देतो, कापलेला गुण निम्मा त्या मूक ३२साठी आणि निम्मा तुटक संदेशांसाठी आहे. नोंद टिकत नाही याचा दोष तिच्यावर टाकत नाही, कारण ते काम तिचे नव्हेच. उद्यमबागेतल्या त्या संगणकावर मला ‘नेट-टूल्स’ नंतर पेन ड्राइव्हवरून नेऊन बसवता आले असते, पण बसवले नाही. टेबलाच्या काचेखाली ‘आयपी’च्या तीन ओळी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवल्या आहेत, आणि पत्त्यापुढची तिरपी रेषा व २४ तेवढे लाल शाईने.