लाटांचा मारा तपासायचा कुठे: टाकीत की संगणकावर?

किनाऱ्यावरच्या घराला वादळी लाट किती जोराने बसेल, हे आधी कळायला दोन वाटा आहेत.

पहिली घराच्या छोट्या प्रतिकृतीची. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात १०४ मीटर लांब, ३.७ मीटर रुंद टाकी आहे. एका टोकाची हलती फळी पाणी ढकलते, लाट तळाच्या चढावर येऊन फुटते आणि घराच्या भिंतीवर आदळते. दाबमापक तो तडाखा सेकंदाच्याही लहानशा अंशात टिपतात. घर सहापट लहान असेल, तर खऱ्या घरासाठी मोजलेलं बल २१६ पट (६×६×६) धरायचं. मेख इथेच आहे. फुटत्या लाटेत कोंडलेली हवा आणि खिळ्यांची पकड या हिशेबात बसत नाहीत.

दुसरी वाट संगणकाची. तिथे घर पूर्ण आकाराचं असतं. जोतं अर्धा मीटर उचलायचं तर एक आकडा बदलला की झालं. पाण्याच्या प्रवाहाचं गणित करणारी ओपनफोमसारखी प्रणाली तर फुकट मिळते. पण गणितासाठी पाण्याचे चौकोन पाडून जी जाळी करतात, ती फुटणाऱ्या लाटेसाठी फार बारीक लागते, गणित दिवसचे दिवस चालतं, आणि उत्तर पडताळायला शेवटी टाकीतलेच आकडे हवेत.

खांबांवरच्या घराला लाट खालून उचलते, त्या बलाबाबत माझा भरवसा टाकीवरच. म्हणून दहा आराखडे संगणकावर चाळावेत आणि उरलेले दोन टाकीत उतरवावेत. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेत बंदरांच्या प्रतिकृती कधीपासून तपासल्या जातात. २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर कोकणातल्या घरांचीही तशी चाचणी व्हायलाच हवी.