यीस्टच्या एन्झाइमवरचा ऑनलाइन कोर्स: पहिला अर्धा भारी, दुसरा नुसता उरकलाय

नाव घेत नाही कारण पुढे तक्रार पण आहे. पैसे भरून घेतलेला रेकॉर्डेड कोर्स, विषय यीस्टचं पेशी विभाजन आणि त्यांची रोग करायची ताकद.

पहिले व्हिडिओ खरंच मस्त. फिशन यीस्टमधे (मधोमध दुभंगून वाढणारं यीस्ट) सीडीसी२ हा काइनेज, म्हणजे दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवणारा एन्झाइम, विभाजनाची वेळ ठरवतो, वी१ त्याच्यावर फॉस्फेट चिकटवून त्याला दाबून ठेवतो आणि सीडीसी२५ तो फॉस्फेट काढतो, की पेशी निघाली विभाजनाला. हे आपण सगळ्यांनी परीक्षेपुरतं घोकलेलं असतं, पण इथे म्युटंटचे (जीन बिघडलेल्या पेशींचे) फोटो शेजारी शेजारी ठेवलेत, वी१ बिघडलेल्या पेशी अर्ध्याच आकाराच्या असताना दुभंगतात आणि सीडीसी२५ बिघडला तर नुसत्या लांबच लांब होत जातात, ते बघितल्यावर वेगळं पाठ करायची गरजच पडत नाही. वी म्हणजे स्कॉटिश बोलीत छोटं, हे पण तेव्हाच कळलं. (सबटायटल आपोआप बनवलेले, त्यात प्रत्येक वेळी वी१ चं ‘वुई वॉन’ झालंय, म्हणजे पेशी दर दोन मिनिटाला मॅच जिंकतेय 😄) १९८७ मधे ब्रिटिश शास्त्रज्ञ पॉल नर्स यांच्या लॅबने माणसाचा सीडीसी२सारखा जीन यीस्टमधे घालून बिघडलेला सीडीसी२ भरून काढला, तो भाग मी दोनदा बघितला.

मग रोगाचा भाग येतो आणि सर एकदम घाईत. रोग करायला मदत करणारे एन्झाइम, म्हणजे प्रोटिएज, लायपेज, युरिएज, लॅकेज, यांची यादी वाचली की झालं. अहो पण खरी गंमत तर इथेच होती ना! कँडिडा अल्बिकन्स या माणसाला रोग करणाऱ्या यीस्टमधे तोच विभाजनवाला काइनेज, तिथे त्याला सीडीसी२८ म्हणतात, एचजीसी१ नावाच्या सायक्लिनशी (काइनेजला चालू करणारं प्रोटीन) जोडी जमवतो आणि मग पेशी एकमेकींना सोडतच नाहीत, लांब तंतू होतो जो टिश्यूत घुसतो. एचजीसी१ काढून टाकला तर तंतू नीट बनत नाहीत आणि उंदरांमधे रोग पण सौम्य होतो. म्हणजे दोन्ही भागांना जोडणारा धागा हाच, आणि त्याला मोजून एक स्लाइड.

क्रिप्टोकॉकस या दुसऱ्या रोग करणाऱ्या यीस्टचं पण तेच. कॅल्सिन्यूरिन हा एन्झाइम नसेल तर तो ३७ अंशाला वाढत नाही म्हणजे आपल्या शरीरात टिकत नाही, इतकं सांगून पुढे. मग टॅक्रोलिमससारखं कॅल्सिन्यूरिन बंद करणारं औषध सरळ का देत नाहीत? कारण ते आपलंही कॅल्सिन्यूरिन बंद करतं आणि प्रतिकारशक्ती खाली जाते. हे मला दुसरीकडून वाचून काढावं लागलं.

बेसिक पक्कं करायचं असेल तर घ्या, मेडिकल मायकॉलॉजीसाठी (रोग करणाऱ्या बुरशींचा अभ्यास) नको. आणि हो, क्विझमधे सीडीसी२५ ला काइनेज म्हटलंय, तो फॉस्फेटेज, म्हणजे फॉस्फेट काढणारा, आहे. मेल केला, तीन आठवडे झाले, माझा मार्क अजून कापलेलाच आहे.