वायरलेस पिक्सेल कंट्रोलर, दिवाळी ते ख्रिसमस वापरून: आणि ती चौथी कमान

स्टार किती द्यायचे यावर माझं मत फिरत राहिलंय. दिवाळीत विचारलं असतंत तर ४, डिसेंबरच्या मध्यावर १ दिला (शून्य देता येत नाही म्हणून), आणि आता सगळं उतरवून गॅरेजमध्ये टाकल्यावर ३ वर थांबलोय. खालचं त्याच क्रमाने वाचा, नाहीतर मी वेडा वाटेन.

वस्तू म्हणजे पिक्सेलच्या माळा, म्हणजे ज्यात प्रत्येक बल्बचा रंग वेगळा बदलता येतो त्या, वायफायवरून चालवणारा तो नेहमीचाच तयार डबा. आत ईएसपी३२ ही वायफायवाली चिप, १२ व्होल्टचा सप्लाय, डब्ल्यूएलईडी हे दिवे चालवणारं सॉफ्टवेअर आधीच टाकलेलं, किंमत ८० डॉलरच्या आत. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, असे डबे विकणारे ढीगभर आहेत आणि आतला माल साधारण तोच. इथे न्यू जर्सीत एडिसनला आमच्या घराचं छत आणि खिडक्या पूर्ण वायरवर आहेत, गॅरेजमध्ये रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर एफपीपी हे शो वाजवणारं सॉफ्टवेअर चालतं, तिथून केबल. अडचण होती ती ड्राइव्हवेच्या पलीकडच्या दिव्यांच्या ४ कमानींची, प्रत्येकी ५० बल्ब. करंट तिथल्या लॅम्पपोस्टवर मिळतो, पण डेटाची वायर न्यायची म्हणजे काँक्रीट कापा. त्या कामाचा कोटेशन आकडा ऐकून सौ. नुसती माझ्याकडे बघत राहिली. म्हणून वायरलेस.

दिवाळीत डबा सोन्यासारखा चालला, हे खरं सांगायलाच हवं. २० ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन, त्याच्या आधीच झेंडूचा केशरी-पिवळा असा एक प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवलेला इफेक्ट, करून ठेवला, पणतीसारखं मंद हलणारं. प्रीसेट चिपच्या आतच सेव्ह होतो, त्यामुळे घरातलं वायफाय बंद असलं तरी कमानींना काही फरक पडत नाही. पावसात बाहेरचं जीएफसीआय आउटलेट (करंट गळला की आपोआप बंद होणारं) ट्रिप झालं, रीसेट बटण दाबलं, डबा आपोआप त्याच प्रीसेटवर उठला. ज्यांना फक्त दिवाळीला किंवा तिकडे पुण्यात गणपतीच्या मखराला लाइटिंग हवंय, गाण्याशी जुळवायचं नाहीये, त्यांनी इथेच वाचणं थांबवा आणि खुशाल घ्या.

थँक्सगिव्हिंगनंतर गाण्यांचा शो सुरू केला. एक्सलाइट्स या प्रोग्राममध्ये सीक्वेन्स, म्हणजे गाण्यात कुठला बल्ब कधी कसा लागायचा त्याची आखणी, आवाज छोट्या एफएम ट्रान्समीटरवर, लोक गाडीतल्या रेडिओवर ऐकतात, सगळं नेहमीसारखं. छत एकदम ठेक्यात. पहिल्या तीन कमानी बऱ्यापैकी. आणि चौथी कमान, काय सांगू, विसाव्या बल्बपर्यंत हिरवी होऊन पुढे पळायची आणि एकविसाव्यापासूनचे ३० बल्ब मागच्या फ्रेमच्या लाल रंगावरच अडकून बसायचे. मग झटक्यात सावरायचे. मग परत. बघणाऱ्यांना दिसत नसेल कदाचित, शेजारच्या काकांना तर दाखवूनही दिसलं नाही, पण मला एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेचना. माळ बदलली, जोड बदलले, एक जादा पिक्सेल मध्ये घातला, पॉवर दुसऱ्या टोकाने दिली. विसावा बल्ब तो विसावा बल्ब.

उत्तर गणितात होतं. ई१.३१ म्हणजे दिव्यांचा डेटा नेटवर्कवरून पाठवायची पद्धत. तिच्या एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे एका गठ्ठ्यात, ५१२ चॅनल, लाल-हिरवा-निळा मिळून दर बल्बला तीन लागतात म्हणजे १७० बल्ब. माझे २०० बल्ब, म्हणजे ६०० चॅनल, म्हणजे दोन युनिव्हर्स, म्हणजे दर फ्रेमला दोन पॅकेट. तीन कमानींचे १५० झाले की चौथीचे पहिले २० पहिल्या पॅकेटात आणि उरलेले ३० दुसऱ्या. हवेत कधी हे पॅकेट हरवतं कधी ते, पण कमान मधोमध तुटलेली तिथेच दिसते. २००४ साली ओहायोतल्या मेसनच्या कार्सन विल्यम्सने १६,००० दिवे गाण्यावर नाचवले ते ८८ चॅनलवर आणि वायरवर, त्याचा व्हिडिओ पुढच्या वर्षी जगभर फिरला आणि आपल्यासारख्यांना हे वेड लागलं. आता चार कमानींनाच ६०० चॅनल लागतात आणि ते आपण हवेतून सेकंदाला ४० वेळा फेकतोय.

वर ते मल्टिकास्टने, म्हणजे एकाला न पाठवता सगळ्यांसाठी, फेकतोय. वायफायवर मल्टिकास्टला पोचपावती नसते, गेलं तर गेलं, राउटर परत पाठवत नाही. शिवाय ते बहुतेक राउटर सगळ्यात मंद स्पीडने पाठवतात, आणि घरातला एखादा फोन जरी पॉवर सेव्हमध्ये झोपला असेल तरी राउटर ही पॅकेटं धरून ठेवतो आणि बीकनच्या (राउटर ठराविक वेळाने स्वतःची हजेरी सांगतो त्या सिग्नलच्या) वेळी, म्हणजे साधारण दर १०० मिलिसेकंदांनी, गठ्ठ्याने सोडतो. २५ मिलिसेकंदांची फ्रेम असेल तर तेवढ्यात चार फ्रेम होतात. म्हणजे पोरं झोपली की कमान अडखळणार, कारण पोरांचे फोनही झोपले.

हे सगळं मला विकणाऱ्याने सांगायला हवं होतं. त्यांना आकृती काढून, व्हिडिओ जोडून मेल टाकली. उत्तर आलं, राउटर डब्याच्या जवळ न्या. अहो, राउटर लॉनमध्ये नेऊ का? दुसरं उत्तर, तुमच्या मेश वायफायचा दोष आहे, परत करायची ३० दिवसांची मुदत संपलीय. मी सप्टेंबरात घेतला होता, गाण्याचा शो डिसेंबरात असतो हे ख्रिसमसचा माल विकणाऱ्याला माहीत नसावं? तेव्हाच तो १ स्टार पडला.

अपडेट, ख्रिसमसच्या आठवड्यातला: दोन गोष्टी केल्या, दोन्ही फुकट. एक, मल्टिकास्ट बंद करून डब्याचा आयपी राउटरमध्ये पक्का केला आणि युनिकास्टने, म्हणजे थेट त्या डब्यालाच, पाठवलं. दोन, ई१.३१ सोडून डीडीपी ही डेटा पाठवायची दुसरी पद्धत घेतली. डीडीपीच्या एका पॅकेटात ४८० पिक्सेल बसतात, म्हणजे माझे २०० एकाच पॅकेटात. तुटलेली कमान गेली! आता अडखळल्या तर चारही एकत्र अडखळतात, आणि ते डोळ्याला कमी खुपतं. डब्ल्यूएलईडीच्या वायफाय सेटिंगमध्ये वायफाय स्लीप बंद करायचा पर्याय आहे तोही टिक करा. सौ. म्हणाली आता तरी जेवायला आत या.

पण मग ओला बर्फ पडला आणि वायफायचा सिग्नल उणे ८५ डीबीएमवर गेला (शून्याकडे जितका जवळ तितका चांगला). आता मुख्य तक्रार ऐका, माझा राग अजून शांत झालेला नाही. डबा उघडला तर आतल्या चिपचा अँटेना, तो बोर्डावरच छापलेला नागमोडी पट्टा असतो ना, तो सप्लायच्या पत्र्याच्या पेटीला जवळजवळ चिकटवून बसवलाय. पत्र्यामागे अँटेना! ईएसपी३२ चं बाहेरचा अँटेना जोडायचं मॉडेल मिळतं, ३२यू, किमतीत नगण्य फरक. डब्याला केबलसाठी चार भोकं पाडलीत, पाचवं पाडायला काय जात होतं? बरं ते नाही तर बोर्ड उलटा फिरवून बसवा, त्याला तर एक पैसाही लागत नाही. मी स्वतः स्क्रू काढून फिरवला, सिग्नल लगेच उणे ७२. ८० डॉलरच्या वस्तूत हे मी करायचं आणि वर वॉरंटीचं सील तुटलं म्हणून ऐकून घ्यायचं.

शेवटी खरा उपाय वेगळाच निघाला. ड्रॉवरमध्ये एक पाय झीरो २ डब्ल्यू, म्हणजे रास्पबेरी पायचाच छोटा भाऊ, पडून होता, १५ डॉलरवाला. त्यावर एफपीपी टाकलं, रिमोट मोडला (गॅरेजमधल्या पायच्या इशाऱ्यावर चालेल असं) लावलं, सीक्वेन्सची फाइल त्याच्याच एसडी कार्डावर ठेवली. १२ व्होल्टवरून ५ करायला एक छोटा बक कन्व्हर्टर, डेटा ३.३ चा ५ व्होल्ट करायला लेव्हल शिफ्टर, सगळं साध्या प्लॅस्टिकच्या डब्यात. आता हवेतून रंगांचा डेटा जातच नाही, गॅरेजमधला पाय नुसता सांगतो की आपण गाण्यात कुठवर आलोय. मध्ये वायफाय दोन-चार सेकंद गेलं तरी कमानी आपल्या कार्डावरून वाजवत राहतात. ३१ डिसेंबरला शो संपेपर्यंत चौथी कमान एकदाही अडकलेली मला दिसली नाही, आणि मी बारीक नजर ठेवून होतो. एसडी कार्डाची सोय असलेल्या ईएसपी बोर्डावर ईएसपिक्सेलस्टिक या सॉफ्टवेअरची ४ नंबरची आवृत्ती टाकली तरी हेच होतं म्हणे, सोल्डरिंगचा कंटाळा असेल तर ते बघा.

बाकी पर्याय थोडक्यात. ९०० मेगाहर्ट्झचे लिंकर, म्हणजे वायरऐवजी रेडिओने कंट्रोलर जोडणारे डबे, झाडीतून छान जातात, पण नुसत्या चालू-बंद दिव्यांना ठीक, पिक्सेलच्या डेटाला त्यांचा स्पीड अपुरा पडतो. आणि ते भारतात नेऊ नका, तिकडे मोकळी पट्टी ८६५ च्या आसपास आहे. ब्लूटूथ ॲपवाल्या माळा शोमध्ये घ्यायच्या नादी लागू नका. बजेट असेल तर ५ गिगाहर्ट्झचा बाहेरचा ब्रिज (दोन टोकांना रोखून लावायची वायरलेस जोडणी) लावून पुढे इथरनेटवाला कंट्रोलर, तो वायरच्या तोडीचा, पण त्या पैशात मी काँक्रीट नाही का कापणार?

म्हणून ३ स्टार. एक प्रीसेटचा, एक पाण्याचा थेंब आत गेला नाही त्याचा, एक डब्ल्यूएलईडी लिहिणाऱ्यांचा, ज्यांचा या विकणाऱ्याशी काही संबंध नाही. अँटेनाचे दोन कापलेत. काल त्यांची मेल आली, गैरसोयीबद्दल क्षमस्व, पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट. कूपन मार्चमध्ये संपतंय, कुणाला हवं असेल तर सांगा, माझ्याकडून फुकट. फक्त डबा आला की आधी बोर्ड फिरवा.