मायोर्कातली शिडाची बोट: सोलरचं नंतर, नांगराचं आधी विचारा

मायोर्का हे भूमध्य समुद्रातलं स्पेनचं बेट. त्याच्या राजधानीत, पाल्मात, 'इको' म्हणवणाऱ्या चार्टर (बोट भाड्याने देणाऱ्या) कंपन्यांची जाहिरात बहुतेक वेळा सोलर पॅनेलवर सुरू होते आणि तिथेच संपते. आम्ही घेतलेली बोट मला मनापासून आवडली ती तिच्या स्किपरबाईंमुळे, म्हणजे बोट चालवणाऱ्या कप्तानबाईंमुळे.

मायोर्काभोवती समुद्राच्या तळाशी पोसिडोनियाची कुरणं आहेत. हे शेवाळ नव्हे. मुळं, पानं, फुलं असलेली वनस्पती आहे, आणि वर्षाला काही सेंटिमीटरच पसरते. नांगराने उपटलेली जागा आपल्या हयातीत भरून येत नाही. म्हणून बालेआरिक सरकारने (मायोर्का आणि शेजारच्या बेटांचं प्रादेशिक सरकार) 2018 मध्ये या कुरणांवर नांगर टाकायला बंदी घातली.

एस ट्रेंकच्या किनाऱ्यासमोर बाई स्वतः नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर जाऊन पाण्यात बघत उभ्या राहिल्या. फिकट निळं दिसलं की वाळू, काळपट दिसलं की कुरण. वाळूत नांगर पडला, तरी त्यांनी तो परत उचलायला लावला. वारा फिरला असता तर बोटीबरोबर साखळी फिरून कुरणावर घासत गेली असती. नांगर एका जागी रुततो, पण साखळी केरसुणीसारखी तळ झाडत राहते. चार्टर घेताना हे कोणी सांगत नाही, म्हणून इतकं लिहिलं.

इंजिनाचा वापरही त्यांनी हात राखून केला. उन्हाळ्यात दुपारकडे एम्बात नावाचा समुद्रावरचा वारा सुटतो. निघायची वेळ त्यावर ठरायची. मुलांना शीड ओढायला मिळालं, डिझेल वाचलं. संडासाच्या पाण्याला टाकी होती आणि ती बंदरात उपसून घेतली. कुठलीही बोट ठरवताना हे नक्की विचारा.

खटकलं ते एवढंच, की स्वागताला प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांचं अख्खं खोकं ठेवलं होतं. ते बंद करा, असं कंपनीला स्पष्ट सांगितलं.

मायोर्काच्या दक्षिणेचं काब्रेरा बेट चुकवू नका. 1991 पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे नांगर टाकायचाच नाही. बोटीच्या लांबीप्रमाणे ठरलेल्या बोयाला (तळाशी बांधलेल्या तरंगत्या पिंपाला) बोट बांधायची. बोये मोजके असतात आणि परवानगी आधी काढावी लागते. आमची कंपनीनेच काढून दिली होती. तुम्ही मात्र पैसे भरण्याआधी ती हातात आहे का बघा, जुलै-ऑगस्टमध्ये तर नक्कीच.