वर्षावासातलं दान: पूरग्रस्तांना की पोरांना, आणि कुणाच्या हातून?

वर्षावास म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहायचा काळ. तो आषाढ पौर्णिमेला सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. विदर्भातले पूरही याच तीन महिन्यांत येतात. विहारात ग्रंथवाचन चालू असतं, वर्षातलं सगळ्यात जास्त दान याच काळात जमतं आणि नेमकं तेव्हाच वर्धा, वैनगंगा, पैनगंगा नाहीतर गावचा नाला वस्तीत शिरतो. नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडला 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीने 204 माणसं नेली. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीची गावं बुडवली. जुलै 2022 मध्ये वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांत वावरंच्या वावरं खरडून गेली. बऱ्याच गावांत बौद्ध वस्ती उताराला, नाल्याच्या अंगाला असते. त्यामुळे पाणी पहिल्यांदा तिथे शिरतं.

शिक्षक, ग्रामसेवक, एसटीचे वाहक-चालक, पुण्या-नागपुरात नोकरीला गेलेली गावची पोरं यांच्याकडून अशा वेळी एकच प्रश्न येतो: पैसे द्यायचे आहेत, पण कुठे? ज्यांना खरंच ठरवायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी रक्कम ठरवू. 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला द्यायला सांगितलं. महिना 40,000 रुपये पगार असेल तर विसावा भाग होतो 2,000, म्हणजे वर्षाचे 24,000. पुढे प्रत्येक वाट तपासताना हाच आकडा समोर ठेवतो, कारण 24,000 रुपये वेगवेगळ्या हातांत गेले की त्यांचं काम फार वेगवेगळं होतं.

मुख्यमंत्री सहायता निधी

ही सगळ्यात सोपी वाट. पैसे थेट खात्यात जातात, पावती मिळते आणि आयकराच्या जुन्या करप्रणालीत 80जी कलमाखाली पूर्ण रकमेवर सवलत मिळते. फसवणुकीची भीती जवळपास नाही, फक्त खाते क्रमांक सरकारी संकेतस्थळावरूनच घ्यायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा क्यूआर कोड वापरायचा नाही.

पण हा पैसा कुठल्या गावाला, कुठल्या घराला जाईल हे तुमच्या हातात नसतं. शिवाय आपत्तीतली मोठी सरकारी मदत या निधीतून येत नाही. ती आपत्ती प्रतिसाद निधीतून, ठरलेल्या निकषांनी येते. माणूस दगावला तर वारसाला 4 लाख, पडलेल्या घराला आणि बुडालेल्या पिकाला ठरावीक रक्कम, तीही पंचनाम्यानंतर. आणि पिकाचा पंचनामा सातबाऱ्याला बांधलेला असतो. ज्याच्या नावावर वावर आहे त्याला हेक्टरी मदत मिळते. मक्त्याने वावर करणाऱ्याचं पीक गेलं तरी मदत मालकाच्या खात्यात जाण्याचीच शक्यता जास्त. आणि जिची निंदणाची, सोंगणीची, वेचणीची रोजी बुडाली त्या बाईचं नाव त्या यादीत कुठेच नसतं. आपल्या वस्त्यांमधली किती घरं भूमिहीन आहेत हे ज्याचं त्याला माहीत आहे.

म्हणून माझं मत असं: ज्याचा विदर्भाशी काही संबंध उरलेला नाही, ज्याला चौकशी करायला वेळ नाही, त्याने या निधीत जरूर द्यावं. बाकीच्यांसाठी ही पहिली निवड नाही.

विहार समितीची वर्गणी

पुराच्या दुसऱ्या दिवशी सरकारी माणूस पोचायच्या आत विहारात चूल पेटलेली असते. महिला मंडळाच्या बाया भात-वरण रांधतात, समता सैनिक दलाची किंवा भारतीय बौद्ध महासभेच्या शाखेची पोरं दोरखंड घेऊन फिरतात. कुणाच्या घरी म्हातारी एकटी आहे, कोण बाळंतीण आहे, कुणाचं पीठ भिजलं, हे समितीला विचारावं लागत नाही. पहिल्या पंधरा दिवसांसाठी यापेक्षा चांगली वाट नाही.

मात्र इथे तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, समिती सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे का? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली नोंदलेल्या न्यासाला नोंदणी क्रमांक असतो आणि दरवर्षी धर्मादाय कार्यालयात हिशेब द्यावे लागतात. नोंदणी नसेल तर वर्गणीसाठी याच कायद्याच्या कलम 41 क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढता येते. गणेशोत्सवाची, जयंतीची मंडळं तेच करतात. दुसरी, पैसा समितीच्या खात्यात जातो की एखाद्या कार्यकर्त्याच्या स्वतःच्या? कार्यकर्ता कितीही भला असला तरी त्याच्या खात्यावर पाठवू नये. त्यात त्याचीही बदनामी टळते. तिसरी, हिशेब विहाराच्या फळ्यावर लागतो का? जमा इतकी, तांदूळ इतका, ताडपत्री इतक्या, शिल्लक इतकी. जिथे फळ्यावर हिशेब लागतो तिथे पुढच्या पुरात दान वाढतं, हे मी बघत आलो आहे.

वस्तू द्यायच्या असतील तर जुने कपडे पाठवू नका, ही कळकळीची विनंती. पुरानंतर विहारात जुन्या कपड्यांचा ढीग पडतो, त्यावर पुन्हा पाऊस पडतो आणि शेवटी तो जाळावा लागतो. हवं असतं ते असं: ताडपत्री, गंज-पातेली, कोरडा शिधा, मच्छरदाणी, मुलींसाठी सॅनिटरी पॅड. आणि वह्या. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं सरकारी व अनुदानित शाळांत मोफत मिळतात, भिजली तर मुख्याध्यापकांना गटशिक्षण कार्यालयाकडे मागणी करता येते. वह्या, दप्तर, नववी-दहावीची पुस्तकं मात्र घरच्यालाच घ्यावी लागतात.

विहाराच्या वाटेची मर्यादा तिच्या ताकदीतच आहे. सगळे जण एकाच आठवड्यात देतात. कठीण चीवरदान (वर्षावासानंतर भिक्खूंना वस्त्रं देण्याचा सोहळा) झालं, दिवाळी आली की तो ओघ आटतो. पुराचा खरा मार मात्र त्यानंतर बसतो. सोंगणी नाही, वेचणी अर्धी, म्हणून आई-बाप वीटभट्टीवर किंवा तेलंगणात मिरची तोडायला निघतात. पोरं बरोबर जातात, नाहीतर आजीजवळ राहतात आणि वर्गात यायची थांबतात. तोवर पेटी रिकामी झालेली असते.

संस्था आणि वसतिगृह

वसतिगृहाला देणं ही आपली जुनी परंपरा आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापुरात वसतिगृह काढलं, तेव्हापासून कित्येक पिढ्या तशा खोल्यांत शिकल्या. आजही बौद्ध संस्थांची वसतिगृहं महाराष्ट्रभर चालतात. चांगल्या वसतिगृहाला वर्षाचे 24,000 दिले तर एका मुलीच्या वर्षाच्या जेवणखाणाचा बराच भार उचलला जातो. 80जी नोंदणी असेल तर जुन्या करप्रणालीत साधारण निम्म्या रकमेवर सवलत मिळते, पण 2,000 वरची रोख रक्कम धरली जात नाही. नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही. म्हणून करबचत हा निवडीचा आधार ठेवू नका.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या. शिकायला आलेल्या, सुट्टीत घरी जाणाऱ्या मुलांचं वसतिगृह वेगळं आणि अनाथ, निराधार मुलं ठेवणारं बालगृह वेगळं. दुसऱ्या प्रकाराला बालन्याय अधिनियम 2015 च्या कलम 41 खाली नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीशिवाय चालवणं हा गुन्हा आहे, त्याला तुरुंगवासाची किंवा किमान 1 लाख दंडाची, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. तिथलं प्रत्येक मूल बालकल्याण समितीच्या (निराधार मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती) आदेशाने आलेलं असलं पाहिजे. दान देण्याआधी नोंदणीचं प्रमाणपत्र पाहायला मागा. चांगली संस्था यात अपमान मानत नाही. दाखवायला टाळाटाळ झाली तर पैसे खिशात ठेवा, आणि मुलांबद्दल काळजी वाटली तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. बुद्धमूर्ती, निळा झेंडा आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे म्हणून चौकशी सोडायची नाही. आपल्या माणसाकडे हिशेब मागणं यात गैर काही नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. आई जिवंत आहे, आजी सांभाळायला तयार आहे, फक्त पैसे नाहीत, एवढ्यासाठी पोर संस्थेत टाकायला मदत करू नका. कायदाही संस्थेला शेवटचा उपाय मानतो. पुरात घर गेल्यावर किंवा बापाने आत्महत्या केल्यावर एखादा भला माणूस येतो, पोरांना नेतो म्हणतो आणि गोंधळलेली आई हो म्हणते. त्या आईच्या हातात महिन्याला दोन-चार हजार पडले असते तर ती हो म्हणाली नसती.

थेट एका मुलासाठी

हे दोन-चार हजार कुठून यायचे? बहुतेकांना वाटतं, दात्याकडून. मी उलटं सांगेन.

राज्य सरकारच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत आई किंवा बाप गेलेल्या, एकल पालक असलेल्या, पालक दुर्धर आजारी किंवा तुरुंगात असलेल्या मुलाला महिना 2,250 रुपये मिळतात. वर्षाचे होतात 27,000. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वात महिना 4,000 आहेत, म्हणजे वर्षाचे 48,000. त्यासाठी ग्रामीण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 72,000 च्या आत असावं लागतं. म्हणजे तुमचा वर्षाचा सगळा विसावा भाग एका पोराला दिलात तरी तो या दोन्हींपेक्षा कमी पडतो.

मग ही पोरं या योजनांत का नाहीत? कागदांमुळे. पालकाचा मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मुलाचा पालकासोबत फोटो हे सगळं गोळा करून जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज द्यायचा, मग बालकल्याण समितीपुढे हजर व्हायचं. रोजीवर जाणाऱ्या विधवेला जिल्ह्याच्या गावी एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. एखादा कागद कमी निघाला की दुसरी खेप. तिसऱ्या खेपेला ती जात नाही.

पुराने यात भर घातली आहे. ट्रंक भिजली की तिच्यातला जातीचा दाखला, टीसी आणि आजोबाच्या कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल भिजते. 1990 च्या कायदादुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या, पण दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा लागतो. तो एकच कागद लगदा झाला तर पुढे शिष्यवृत्ती, समाजकल्याणचं वसतिगृह, दहावीनंतर बाहेर राहून शिकणाऱ्यांसाठीची स्वाधार योजना, सगळं अडतं. त्या कागदाची नक्कल तहसीलमधून किंवा शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरातून परत काढून देणं, हे मी ताडपत्रीइतकंच पूरमदत समजतो.

म्हणून 24,000 मधून एका मुलाला महिना 2,000 देण्यापेक्षा, त्यातले काही हजार आठ-दहा मुलांच्या कागदांवर, प्रवासावर आणि आईच्या बुडालेल्या मजुरीवर खर्च झाले तर त्यातल्या अर्ध्यांचा अर्ज जरी मंजूर झाला तरी वर्षाला लाखाच्या वर रक्कम वस्तीत येते. विहारातल्या शिकलेल्या पोरा-पोरींपैकी दोघांनी हे काम अंगावर घेतलं पाहिजे, त्यांना येण्या-जाण्याचा खर्च समितीने दिला पाहिजे. सरकारी पैसे कधी वेळेवर येत नाहीत, हप्ते साठतात, हेही खरं. त्या मधल्या महिन्यांत घर चालावं म्हणून तुमच्या दानातला एक भाग राखून ठेवावा लागतो.

थेट मुलाला मदत करताना स्टेजवर बोलावून, वही हातात देऊन फोटो काढू नका. अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करायला बालन्याय कायद्यातच मनाई आहे. पण कायदा नसता तरी, ज्याच्या बापाला जाऊन चार महिने झालेत त्याला गावासमोर निराधार म्हणून उभं करणं हे दान नाही.

मग वाटणी कशी?

गावात किंवा तालुक्याला राहत असाल तर पूर आला त्या आठवड्यात विहार समितीला 5,000 द्या, तेही वस्तूंच्या यादीप्रमाणे. 7,000 कागदांच्या कामासाठी आणि अडलेल्या हप्त्यांसाठी समितीजवळ वेगळे नोंदवून ठेवा. उरलेले 12,000 दिवाळीनंतर आणि जूनच्या उत्तरार्धात, शाळा उघडताना द्या. वह्या, नववी-दहावीची पुस्तकं, आठवीनंतर शाळा दुसऱ्या गावाला गेली तर मुलीची सायकल. मुलींची शाळा सातवी-आठवीला सुटते ती बहुधा या अंतरामुळे.

पुण्या-मुंबईला असाल, गावी येणं वर्षातून एकदाच होत असेल, तर निम्मी रक्कम नोंदणी तपासलेल्या एकाच वसतिगृहाला सलग पाच वर्षं द्या. दरवर्षी नवी संस्था शोधू नका, कारण वसतिगृहाला पुढच्या वर्षी किती मुली घेता येतील हे आधी कळावं लागतं. उरलेली निम्मी गावच्या विहाराच्या खात्यावर वर्षावास संपल्यावर पाठवा, दर महिन्याला थोडी थोडी. समितीचं खातं नसेल तर ते उघडून घ्यायला आणि न्यासाची नोंदणी करायला लागणारा खर्च हेच या वर्षीचं तुमचं दान समजा. हे काम उन्हाळ्यातच उरका, पाऊस लागल्यावर कुणालाच सवड नसते.